इरोको: चौकटी, दारं आणि खिडक्यांसाठी हे आफ्रिकन लाकूड कसं निवडावं, वाळवावं आणि बसवावं

वखारीत ‘आफ्रिकन टीक’ म्हणून दाखवलेलं लाकूड नेमकं कोणत्या झाडाचं आहे, हे त्या नावावरून कळत नाही. ते इरोको असू शकतं, आफ्रोर्मोसिया असू शकतं, किंवा आफ्रिकेतल्या लागवडीतला खरा सागही असू शकतो. घानातून येणारा ‘घाना टीक’ हा आपल्याच सागाचा, म्हणजे टेक्टोना ग्रँडिसचा, तिथे लावलेला वंश आहे. तिन्ही लाकडं घरबांधणीत उपयोगी आहेत, पण प्रत्येकाची वागणूक, भाव आणि कागदपत्रं वेगळी. हा लेख इरोकोबद्दल आहे, कारण सागाच्या जवळपास टिकणारं आणि रुंद, लांब, सरळ फळ्या देणारं हे लाकूड आहे. त्याच्या तीन-चार खोडी आधीच माहीत असल्या, तर त्याची चौकट पिढीभर हलत नाही.

झाड आणि लाकूड

मिलिशिया एक्सेल्सा आणि मिलिशिया रेजिया अशा दोन जातींच्या लाकडाला व्यापारात इरोको म्हणतात. एक्सेल्सा पश्चिम आफ्रिकेपासून मोझांबिकपर्यंत पसरलेली आहे, तर रेजिया पश्चिमेच्या किनारपट्टीपुरती आहे. घानात याला ओडुम म्हणतात, काँगोच्या बाजूला कंबाला, आणि युगांडा, केनिया, टांझानियात म्व्हुले. कागदपत्रांवर यांपैकी कोणतंही नाव असलं तरी माल तोच.

झाड ५० मीटरपर्यंत उंच जातं आणि बुंध्याला २० मीटरपर्यंत फांदी नसते. कुळ फणसाचं. कोकणातल्या जुन्या घरांत ज्यांनी फणसाच्या फळ्या पाहिल्या आहेत, त्यांना इरोको चटकन ओळखीचं वाटेल: ताजं कापलं की पिवळं, आणि उजेडात महिन्या-दोन महिन्यांत तांबूस तपकिरी.

१२ टक्के ओलाव्याला घनता सरासरी ६४० किलो प्रति घनमीटर, म्हणजे घनफुटाला सुमारे १८ किलो. सागही याच आसपास आहे. युरोपातल्या बांधकाम मानकांत चांगल्या प्रतीच्या इरोकोला डी४० हा ताकदीचा वर्ग मिळतो, त्यामुळे पेर्गोला, जिन्याच्या पायऱ्या, कठडे, गॅलरीची तक्तपोशी ही कामं ते सहज पेलतं. बुरशीविरुद्ध गाभ्याचं लाकूड ‘अतिशय टिकाऊ ते टिकाऊ’ गटात येतं आणि वाळवीलाही चांगला प्रतिकार करतं. मात्र हे सगळं फक्त गाभ्याबद्दल. गाभ्याभोवतीचा फिकट पट्टा, ज्याला सुतार ‘कच्चं लाकूड’ म्हणतात, तो अजिबात टिकाऊ नाही. त्यात भुंगा लागतो आणि पिठासारखा भुगा गळू लागतो. गाभ्यात औषध मुरत नाही, त्यामुळे गाभ्याला रासायनिक प्रक्रिया केल्याचं सांगून कुणी जादा भाव लावला, तर तो देऊ नका.

वखारीत ओळखायचं कसं

रंगावर जाऊ नका. जुनी फळी आणि नवी फळी यांच्या रंगात इतका फरक असतो की एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या वेगळ्या झाडाच्या वाटतात. फळीचं टोक धारदार पटाशीने किंवा ब्लेडने स्वच्छ तासा, थोडं पाणी लावा आणि दहापट भिंगातून पाहा.

इरोकोत मोठी छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली दिसतात आणि त्यांना जोडत जाणारे फिकट, नागमोडी पट्टे असतात. हे पट्टे बरेचदा भिंगाशिवायही दिसतात. सागाच्या टोकावर वर्षावलयं असतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते. सागाला हात लावला की तेलकट लागतो आणि कातड्यासारखा वास येतो. इरोकोत हे दोन्ही जवळजवळ नसतं. आफ्रोर्मोसियाचं पोत इरोकोपेक्षा बारीक, छिद्रं लहान. लाकूड गडद लाल आणि भुगा केशरी-लाल असेल, तर ते बहुधा पडाउक आहे. आणि हातात घेताच लोखंडासारखं जड लागलं, तर इरोको नव्हे; घनफुटाला २३-२४ किलोच्या पुढे वजन गेलं की ते ताली किंवा तसलंच दुसरं जड लाकूड समजा.

कागदपत्रांचा विषय इथेच उरकतो. आफ्रोर्मोसिया १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत आफ्रिकन पडाउक, डुसी आणि आफ्रिकन महोगनी यांनाही त्या परिशिष्टात घेतलं गेलं. त्या निर्णयात इरोको नव्हतं. तरीही लाकूड कायदेशीर तोडीचं आहे का, हे विचारावंच, कारण इरोको जवळपास सगळं नैसर्गिक जंगलातून येतं. त्याची सलग लागवड करायला गेलं की फायटोलायमा नावाचा बारीक किडा रोपांच्या शेंड्यांवर गाठी करतो आणि रोपं मरतात. जंगल गेलं तर पर्यायी बाग कुठेही तयार नाही. म्हणून एफएससी किंवा तत्सम प्रमाणपत्र, म्हणजे लाकडाचा जंगलापासून वखारीपर्यंतचा माग दाखवणारं प्रमाणपत्र, असलेला माल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्यावा.

मापं आणि हिशेब

एक उदाहरण घेऊ: उंबऱ्यासकट मुख्य दाराची चौकट, बाहेरून ७ फूट उंच, ३ फूट ६ इंच रुंद, तयार माप ५ इंच × ३ इंच.

दोन उभे ७ फुटांचे, म्हणजे १४ फूट. वरचा आडवा आणि उंबरा दोन्ही बाजूंना ३-३ इंच बाहेर ठेवून प्रत्येकी ४ फूट, म्हणजे ८ फूट. एकूण २२ फूट. रंधा मारण्यासाठी प्रत्येक मापात पाव इंच धरा: ५¼ × ३¼ इंच. घनफूट असे: ५.२५ × ३.२५ ÷ १४४ × २२ = २.६. टोकं कापणं, गाठ किंवा भेग टाळणं यासाठी १५ टक्के वाढवा, म्हणजे ३ घनफूट खरेदी. तयार चौकट साधारण ४१ किलोची होईल. ती उभी करायला दोन माणसं लागतात, हे आधीच ठरवून ठेवा.

भाव विचारताना एकक पक्कं करा. कापलेल्या मालाचा खरा घनमीटर ३५.३ घनफुटांचा असतो. ओंडके मात्र परिघाच्या चौथाईने, म्हणजे हॉपस पद्धतीने मोजले, तर त्याच घनमीटरचे २७.७ हॉपस फूट होतात. दोन वखारींचे भाव पाव-पाव फरकाने वेगळे दिसले, तर बरेचदा कारण हेच असतं.

माल निवडताना: कच्च्या लाकडाची पांढरट कड चौकटीच्या कोणत्याही बाजूला नको. “आतल्या बाजूला जाईल, दिसणार नाही” हे उत्तर मान्य करू नका, कारण भिंतीकडची बाजूच आधी ओली होते. फळीच्या कडेने एक डोळा मिटून पाहा. पूर्ण लांबीत ५ मि.मी.पेक्षा जास्त बाक असेल तर ती बाजूला ठेवा. आणि फळीवर भोवतालच्या लाकडापेक्षा अचानक काळपट झालेला लांबट डाग दिसला, तर त्यावर खडूने खूण करा. कशासाठी, ते पुढे येतंच.

ओलावा: इथे घाई केली तर बाकी सगळं वाया

इरोको बऱ्यापैकी लवकर आणि फार वेडंवाकडं न होता वाळतं. पण बाजारात येणारा माल ‘वाळलेला’ म्हणून विकला जातो आणि आत २० टक्क्यांवर असतो. हिरव्या स्थितीपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेने सुमारे ५.४ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने ३.५ टक्के आकसतं. सागापेक्षा हे थोडं जास्त आहे.

घरच्या घरी ओलावा असा मोजा. फळीच्या टोकापासून किमान एक फूट आतला, पूर्ण जाडीचा एक पातळ तुकडा कापा आणि लगेच वजन करा. तो १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी मोजा. समजा ४६ ग्रॅमचे ४० ग्रॅम झाले, तर घट ६ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ४०, म्हणजे १५ टक्के. पिनवालं मीटर असेल तर ठीक, पण पिना ५ मि.मी.च शिरत असतील तर ते वरच्या थराचाच आकडा देईल. फळी आडवी कापून ताज्या टोकाच्या मधोमध मोजा.

किती हवा? भारतीय मानक आयएस २८७ देशाचे हवामानानुसार चार विभाग करतं आणि दार-खिडक्यांसाठी वेगवेगळा ओलावा सांगतं. कामापुरता अंदाज असा: पुणे, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नागपूर अशा कोरड्या भागात दाराच्या झडपेला, म्हणजे उघडमीट होणाऱ्या पल्ल्याला, १० ते १२ टक्के, कोकण-गोव्यात १२ ते १४. चौकट जाड असल्यामुळे एक-दोन टक्के जास्त चालते.

आणलेला माल लगेच कापू नका. जमिनीपासून ९ इंच वर, सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी रचा. दोन थरांमध्ये पाऊण इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत ठेवा. पट्ट्या ओल्या असल्या तर इरोकोवर त्यांचे आडवे डाग उमटतात आणि रंधा मारूनही जात नाहीत. टोकांना दोन हात मेण किंवा जाड ऑइल पेंट लावा. कारखान्याच्या भट्टीतून वाळून आलेला मालही ज्या गावात वापरायचा तिथे दोन-तीन आठवडे असा ठेवावा.

कापणी आणि रंधा

इरोकोतले तंतू थराथराने उजवी-डावीकडे वळलेले असतात. त्यामुळे चमकदार पट्टे दिसतात, सुंदरही दिसतात, पण कुठूनही रंधा मारा, अर्धी रेघ उलटी येते आणि खवले उपटले जातात. उपाय:

- गोल करवतीला आणि मशीनला कार्बाइड दात वापरा. साध्या पात्याची धार लवकर मरते.
- प्लेनर मशीनच्या पात्याचा कापण्याचा कोन १५ अंशांपर्यंत कमी ठेवा, एका फेऱ्यात १ मि.मी.पेक्षा जास्त काढू नका आणि लाकूड सावकाश पुढे सरकवा.
- हात-रंध्यात वरची पत्ती धारेपासून अर्ध्या मि.मी.वर आणा.
- शेवटचा हात रंध्याने न मारता स्क्रेपरने किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मारा.

आता खडूने खूण केलेला तो काळपट डाग. इरोकोत कधीकधी कॅल्शियम कार्बोनेटचे खडे जमलेले असतात. झाडाला जखम झाली की त्या पोकळीत हे साठतं, आणि त्याच्या भोवतालचं लाकूड काळपट दिसतं. खडा वाटाण्याएवढा असेल किंवा हाताच्या तळव्याएवढा. करवतीचे दात त्यावर आपटले की एका क्षणात पातं निकामी होतं, दातही उडून येऊ शकतो. मेटल डिटेक्टर याला पकडत नाही, कारण हा धातू नाही. शंका असलेल्या जागी बारीक ड्रिलने चाचपा. कडक लागलं की थांबा आणि निघालेल्या पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर खडा नक्की. जुन्या पटाशीने तो कोरून काढा आणि त्याच रेघेचा लाकडी तुकडा इपॉक्सीने बसवा. चौकटीत बिजागरीच्या किंवा कुलपाच्या जागी असा तुकडा येणार नाही, अशी फळी फिरवून घ्या.

भुग्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. इरोकोच्या बारीक भुग्याने अनेकांना अंगावर पुरळ, डोळ्यांची आग, शिंका आणि दमा होतो. एकदा त्रास सुरू झाला की पुढे थोड्या भुग्यानेही उफाळतो. आणि कठीण लाकडाचा भुगा वर्षानुवर्षं श्वासात जाणं हे नाकाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन९५ मास्क, पूर्ण बाह्या, भुगा ओढणारं यंत्र, आणि ते नसेल तर उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून काम. कारागिराला मास्क देणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे. हा भुगा गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाली पसरू नका.

चौकट

५ × ३ इंचाच्या चौकटीला दाराच्या जाडीएवढा रुंद आणि अर्धा इंच खोल पताम (दार टेकण्याची खाच) पाडा. कोपऱ्याला कुसवाचा सांधा (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसवतात तो): कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, म्हणजे १ इंच, आणि ते आडव्यातून आरपार. डिंक लावायच्या आधी सांध्याच्या बाजू थिनरने पुसा आणि त्याच दिवशी चिकटवा, कारण लाकडातला स्राव पृष्ठभागावर येत राहतो. बाहेरच्या दारासाठी पाण्यात टिकणारा डिंक किंवा इपॉक्सीच वापरा. सांधा बांबूच्या १० मि.मी. खुंटीने आवळा. कुसवातलं भोक चौकटीच्या भोकापेक्षा दीड मि.मी. खांद्याकडे सरकवून पाडलं, तर खुंटी ठोकताना सांधा आपोआप घट्ट ओढला जातो.

बसवण्याच्या आधी, आणि ‘आधी’ यावर जोर आहे, भिंतीकडच्या तिन्ही बाजूंना दोन हात प्रायमर किंवा बिटुमेन रंग, आणि उभ्यांच्या खालच्या टोकांना इपॉक्सीचे दोन हात. उभ्याचं टोक स्पंजासारखं पाणी वर ओढतं; चौकटी तळाशी कुजतात त्या इथूनच. लाकडी उंबरा असेल तर तो जमिनीत पुरू नका. ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याच्या पट्टीवर ५ मि.मी. फट ठेवून ती सीलंटने भरा. इरोको टिकाऊ असलं तरी सतत ओल्या मातीत गाडण्यासाठी ते घेऊ नये.

शक्य असेल तर गिलावा होऊन भिंत वाळल्यावरच चौकट लावा. प्रत्येक बाजूला १० मि.मी. फट सोडा, ओळंबा आणि गुण्या लावा, कर्ण मोजा. दोन कर्णांत २ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. मग १०० मि.मी.चे स्टेनलेस फ्रेम-स्क्रू प्रत्येक उभ्याला चार. बांधकामाबरोबरच चौकट उभी करायची असेल तर प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) घ्या: खालून एक फूट, मध्ये, वरून एक फूट. ते १:२:४ काँक्रीटमध्ये पक्के करा आणि क्युरिंग संपेपर्यंत चौकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मधोमध दोन आडव्या पट्ट्या ठोकून ठेवल्या नाहीत, तर विटांच्या दाबाने उभे आत फुगतात.

ओल्या इरोकोला लोखंड टेकलं की काळे-निळे डाग पडतात. बायंडिंग वायर, साधे खिळे, स्टील-वूल, ग्राइंडरच्या ठिणग्या, सगळं दूर. स्क्रू स्टेनलेस ३०४, समुद्राजवळ ३१६. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मि.मी.चं भोक पाडा. न पाडता घुसवला तर टोकाजवळ लाकूड फाटतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. डाग पडलेच तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड विरघळवून ब्रशने लावा, वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

झडप

पहिल्या पावसात दार अडकलं की दोष लाकडाला दिला जातो, पण चूक मापांची असते. ३०० मि.मी. रुंद पॅनेलचा ओलावा १० वरून १६ टक्क्यांवर गेला, तर साध्या कापाचं (रुंदी वलयांच्या दिशेने असलेलं) पॅनेल सुमारे ४ मि.मी. फुगतं, उभ्या रेघेच्या कापाचं (रुंदी गाभ्याकडून सालीकडे असलेलं) पावणेतीन. म्हणून पॅनेल कधीही डिंकाने पक्कं करू नये. खाच १२ मि.मी. खोल ठेवा आणि उन्हाळ्यात जुळवत असाल तर दोन्ही बाजूंना खाचेत ३-३ मि.मी. मोकळी जागा सोडा. पॅनेल बसवण्याआधीच त्याच्या कडांना पॉलिश द्या, नाहीतर हिवाळ्यात ते आकसलं की बिनरंगाची पांढरट रेघ उघडी पडते.

१०० मि.मी.च्या दोन उभ्या पट्ट्याही मिळून ३ मि.मी.च्या आसपास वाढतात. उन्हाळ्यात दार लावताना बिजागरीकडे २ आणि कुलपाकडे ३ मि.मी. फट ठेवा. ऐन पावसाळ्यात लावत असाल तर दोन्हीकडे २ पुरे. ३५ मि.मी. जाडीची झडप ३५ ते ४० किलोची होते. ५ इंची पितळी किंवा स्टेनलेस बिजागऱ्या चार, त्यातल्या दोन वरच्या भागात.

पॉलिश

इरोकोचा स्राव काही पॉलिशना वाळू देत नाही. वरचा थर दिवसेंदिवस चिकट राहतो, आणि त्यावर आणखी हात चढवला तर सगळंच खरवडून काढावं लागतं. पॉलिश पेपर १२० आणि मग १८० नंबर, त्यानंतर थिनरने पुसणं, आणि तासाभरात पहिला पातळ हात. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून एक दिवस थांबा. चिकट राहिलं तर आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात द्या, पण तो फक्त आतल्या कामाला. छिद्रं मोठी असल्याने गुळगुळीत फिनिश हवं असेल तर फिलर भरावाच लागतो.

बाहेरच्या दाराला पारदर्शक जाड थर देऊ नका. ऊन त्याच्या आरपार जाऊन खालचं लाकूड जाळतं आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. रंगद्रव्य असलेलं तेल किंवा बाह्य वापराचं स्टेन बरं. काहीच लावलं नाही तर इरोको हळूहळू करडं होतं, ताकद कमी होत नाही.

गॅलरीच्या तक्तपोशीला २५ मि.मी. जाड, १०० मि.मी. रुंद फळ्या, खाली ४०० मि.मी.वर आडवे वासे, दोन फळ्यांत ५ मि.मी. फट आणि खालून वारा जायला जागा. फट नसेल तर पानं-माती अडकते आणि फळीची कड आधी सडते.

दरवर्षी मे महिन्यात तीन गोष्टी तपासा: उभ्यांच्या तळाचं सीलंट, दाराची वरची आणि खालची कड, आणि पावसाचा मारा बसणारी बाजू. दाराची खालची कड रंगवायची बहुतेक वेळा राहून जाते; बिजागरीतून दार काढून तिला दोन हात द्या, आणि पावसाळ्याच्या आत परत चढवा.